विंडोज नव्याने टाकल्यावर टचपॅड, आवाज, ब्राइटनेस बंद. मराठी फाइलींचे फॉन्टही गेले

टंकलेखिका_नागपूर

नमस्कार मंडळी. लॅपटॉप ११व्या पिढीच्या इंटेल आय ५ चा आहे, रॅम ८ जीबी, एनव्हीएमई एसएसडी ५१२ जीबी. त्यावर विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती पेनड्राइव्हवरून नव्याने टाकली. इन्स्टॉल करताना डिस्क दिसत नव्हती, बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) व्हीएमडी ही इंटेलची डिस्क हाताळायची सोय बंद केल्यावर दिसली. वायफाय नव्हतं म्हणून फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर सेटअप पूर्ण केला.

आता विंडोज सुरू होतं, पण टचपॅड अजिबात चालत नाही, माउस लावून काम सुरू आहे. आवाज नाही. ब्राइटनेसची पट्टी गायब आहे आणि स्क्रीनवरची अक्षरं फुगलेली दिसून राहिली. पॉवरच्या मेनूत स्लीप नाही. घड्याळ साडेबारा तास मागे आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणांची रांग लागली आहे: एसएम बस कंट्रोलर, पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर, पीसीआय डेटा ॲक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर, मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर, नेटवर्क कंट्रोलर, शिवाय दोन-तीन नुसतेच पीसीआय डिव्हाइस आणि अननोन डिव्हाइस.

काम मराठी डीटीपीचं आहे. वर्डच्या जुन्या फाइली मंगलमध्ये होत्या, तो फॉन्ट यादीतच नाही. श्री-लिपी या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फाइली उघडल्या की इंग्रजी अक्षरं दिसतात. सगळे ड्रायव्हर (विंडोजला एकेक भाग चालवायला लागणारी सॉफ्टवेअरं) एकदम टाकून देणारं फुकट सॉफ्टवेअर घेऊ का, की एकेक शोधू? एकेक शोधायचे तर सुरुवात कुठून करू?

जुना_हार्डवेअरवाला

ताई, ते सॉफ्टवेअर टाकू नका. अशी पॅकं चिपचा नंबर पाहून सर्वसाधारण ड्रायव्हर चिकटवतात. लॅपटॉपमध्ये स्पीकर, माइक, फंक्शनच्या कळा यांची जोडणी प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि ती माहिती लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हरमध्येच असते. नंतर आवाज बारीक येतो किंवा हेडफोन लावला तरी स्पीकर वाजत राहतो, आणि कोणता ड्रायव्हर कुठून आला ते सापडत नाही. सोबत नको ती जाहिरातीची सॉफ्टवेअरंही येतात.

तुमची यादी लांब दिसते, पण मूळ दोष तीन-चारच आहेत. बाकीचे त्यांच्यावर अवलंबून आहेत. टचपॅडचंच पाहा. या पिढीच्या लॅपटॉपमध्ये टचपॅड आय-स्क्वेअर-सी नावाच्या बसवर (चिपांना जोडणाऱ्या मार्गावर) जोडलेला असतो. त्या बसचा कंट्रोलर इंटेलच्या चिपसेटमध्ये (प्रोसेसरसोबतच्या सहायक चिपमध्ये) आहे आणि त्याला सिरियल आयओ नावाचा ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर विंडोजला टचपॅड दिसतच नाही. म्हणून लोक टचपॅडचा ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकतात आणि काही होत नाही. आवाजाचंही तसंच आहे: रिअलटेकची चिप इंटेल स्मार्ट साउंड टेक्नॉलॉजीच्या मागे बसलेली असते. पुढचं दार बंद असेल तर मागच्या खोलीत कोण आहे ते विंडोजला कळत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. लॅपटॉप उलटा करून स्टिकरवरचा सिरियल नंबर घ्या, पुसला असेल तर बायोसच्या पहिल्या पानावर मिळतो. कंपनीच्या सपोर्ट पानावर मॉडेलच्या नावाऐवजी तो नंबर टाका. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये वायफाय कार्ड दोन-तीन प्रकारची येतात, नंबर टाकला की बहुतेक वेळा तुमच्याच मशीनची यादी उघडते. पानावर विंडोज ११ ची जुनी आवृत्ती लिहिली असेल तरी घाबरू नका, तेच ड्रायव्हर २४एच२ वर सहसा चालतात. सगळे आधी एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा, मग टेदरिंग काढा. नेट सुरू राहिलं तर विंडोज अपडेट मधेच स्वतःचा ड्रायव्हर टाकतं आणि कोणाचा कोणता बसला ते समजत नाही.

आधी चिपसेट, मग मॅनेजमेंट इंजिन, मग सिरियल आयओ. इथे रीस्टार्ट करा. एसएम बस आणि सिंपल कम्युनिकेशन्सच्या खुणा जातील, टचपॅड जिवंत व्हायला हवा. नाही झाला तर फंक्शनच्या कळेने तो बंद तर नाही ना ते पाहा.

मग इंटेल ग्राफिक्स. सध्या तुमची स्क्रीन मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टरवर चालू आहे. त्याला ब्राइटनेस बदलता येत नाही आणि तो असताना विंडोज स्लीपही देत नाही. फुगलेली अक्षरं, पट्टी, स्लीप, तिन्हींचं कारण हे एकच. स्लीपसाठी वेगळं काही शोधू नका. एनव्हिडियाचं वेगळं कार्ड असेल तर ते इंटेल ग्राफिक्सनंतर.

मग आवाज: आधी स्मार्ट साउंड, नंतर रिअलटेक. बऱ्याच कंपन्या दोन्ही एकाच फाइलमध्ये देतात, तसं असेल तर एकदाच चालवा आणि रीस्टार्ट करा. शेवटी वायफाय, ब्लूटूथ आणि फंक्शनच्या कळांचं कंपनीचं सॉफ्टवेअर. ब्लूटूथ वायफायच्याच कार्डावर असतं, पण आतून यूएसबीने जोडलेलं असल्यामुळे त्याचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

फाइल झिप निघाली आणि आत सेटअप नसेल तर ती उघडून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, ते फोल्डर दाखवा आणि सबफोल्डर धरण्याची खूण टिकवा. ड्रायव्हरची माहिती असलेली आयएनएफ फाइल ते स्वतः शोधतं.

एवढं करून जे उरेल त्याचा हार्डवेअर आयडी इथे द्या: प्रॉपर्टीज, डिटेल्स, यादीतून हार्डवेअर आयडीज. व्हीईएन च्या पुढचा आकडा कंपनीचा असतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी, १४सी३ मीडियाटेक. डीईव्ही च्या पुढचा आकडा चिपचा. सोबत जनरल पानावरचा कोडही सांगा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर टाकलेलाच नाही. कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण यंत्र सुरू होत नाही, म्हणजे बहुतेक चुकीची आवृत्ती. कोड २२ म्हणजे कोणीतरी ते बंद केलं आहे, एनेबल केलं की झालं.

फॉन्टवेडा

मराठीचं मी सांगतो, कारण हे दरवेळी लोकांना अडवतं आणि ड्रायव्हरच्या गडबडीत कोणी सांगत नाही.

मंगल, कोकिला, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट विंडोज १० पासून मूळ इन्स्टॉलमध्ये येत नाहीत. देवनागरीसाठी फक्त निर्मला यूआय येतो. जुन्या फाइली निर्मलामध्ये उघडतात, मजकूर शाबूत राहतो, पण ओळी सरकतात आणि पानं बदलतात. सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स टाका. नेट लागेल. वर्ड बंद करून पुन्हा उघडा, पानं जागेवर येतील.

श्री-लिपीचं प्रकरण वेगळं आहे. तुमच्या या फाइली युनिकोडमध्ये (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीत) नाहीत. फाइलमध्ये खरोखर इंग्रजीच अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठी आकार चढवतो. फॉन्ट परत टाकला की फाइल जशीच्या तशी दिसेल, डेटा गेलेला नाही. उघडून सेव्ह करायच्या आधी फॉन्ट टाका. टाकताना डबल क्लिक करून साधं इन्स्टॉल दाबू नका. फाइलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स घ्या. साध्या इन्स्टॉलने फॉन्ट फक्त तुमच्या खात्याच्या फोल्डरमध्ये जातो आणि पेजमेकरसारखे जुने प्रोग्राम विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरमध्येच शोधतात. मग यादीत नाव येत नाही आणि माणूस फॉन्टलाच दोष देत बसतो. लायसन्सचा डोंगल (परवान्यासाठी यूएसबीला लावायचं छोटं यंत्र) असेल तर त्याचा ड्रायव्हरही वेगळा लागतो, तो श्री-लिपीच्या सेटअपसोबत मिळतो.

कीबोर्डसाठी लँग्वेज अँड रीजनमध्ये मराठी जोडा. त्यात इनस्क्रिप्ट (प्रमाणित मराठी कीबोर्ड) मिळतो, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचा फोनेटिक हवा असेल तर मराठीच्या तीन टिंबांत लँग्वेज ऑप्शन्समधून तो वेगळा जोडावा लागतो. बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस. इंग्रजीसाठी इंग्लिश इंडिया ठेवा: उजवा ऑल्ट आणि ४ दाबला की रुपयाचं चिन्ह येतं. इंग्लिश युनायटेड किंगडम बसला असेल तर शिफ्ट २ वर ॲटऐवजी अवतरण चिन्ह येतं, आणि पासवर्डमध्ये ॲट असेल तर लॉगिनच होत नाही. कीबोर्ड बिघडला असं समजून दुकानात नेऊ नका.

घड्याळ साडेबारा तास मागे म्हणजे टाइम झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिला आहे. उन्हाळ्यात हा फरक साडेबारा असतो, हिवाळ्यात साडेतेरा. टाइम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली निवडा आणि सिंक नाऊ दाबा. हे पहिल्यांदाच करून टाका. फरक नेमका साडेपाच तासांचा असता तर कारण दुसरं असतं: सोबत लिनक्स असेल तर ते घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं आणि विंडोज ती स्थानिक समजतं.

रीजनल फॉरमॅटही इंग्लिश इंडिया करा. अमेरिकन राहिला तर एक्सेल तुमची ०५-०४ ही तारीख ४ मे धरतं, आणि लाखाचा स्वल्पविराम १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ असा पडतो. बिलाच्या फाइलींत हे लवकर लक्षात येत नाही.

टंकलेखिका_नागपूर

दोघांचेही आभार. सांगितलेल्या क्रमाने गेले. सिरियल आयओ टाकून रीस्टार्ट केल्याबरोबर टचपॅड सुरू झाला. ग्राफिक्सनंतर ब्राइटनेस आणि स्लीप दोन्ही आले. मंगल आला, श्री-लिपीच्या फाइली नीट दिसून राहिल्या, घड्याळ बरोबर.

उरलेलं असं. एक: पीसीआय\व्हीईएन_८०८६ आणि डीईव्ही_९ए०३, कोड २८. दोन: व्हीईएन_१०ईसी आणि डीईव्ही_सी८२२, तोही कोड २८. सपोर्ट पानावर वायफायचे दोन ड्रायव्हर आहेत, एक इंटेलचा, एक रिअलटेकचा. मी इंटेलचा टाकला होता. तीन: स्पीकर वाजतो, पण माइकमध्ये आवाज जात नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये खूण मात्र नाही. आणि व्हीएमडी परत सुरू करायला हवं का?

हिंगणा_एमआयडीसी

१०ईसी सी८२२ म्हणजे रिअलटेकचं आरटीएल८८२२सीई कार्ड. इंटेलचा ड्रायव्हर काढून टाका, रिअलटेकचा घ्या, ब्लूटूथही रिअलटेकचंच. अननोनमध्ये यूएसबी\व्हीआयडी_०बीडीए असं काही उरलं असेल तर तेच ते ब्लूटूथ असण्याची शक्यता जास्त.

९ए०३ म्हणजे इंटेल डायनॅमिक ट्यूनिंग. बरेच जण ही खूण तशीच सोडतात, कारण वरवर काहीच अडत नाही. सोडू नका. प्रोसेसरला किती वॅट द्यायचे आणि बॉडी तापली की किती कमी करायचे, हे ठरवणारा ड्रायव्हर तो. तो नसला की काही मशीन कमी वॅटवर अडकून मंद चालतात, काही उगाच तापतात आणि पंखा थांबत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, कूलरच्या खोलीतही मशीनला थंड हवा मिळत नाही. सपोर्ट पानावर तो चिपसेट किंवा थर्मल या गटात असेल.

माइकला खूण नाही म्हणजे ड्रायव्हर बसलेला आहे, सेटिंग पाहा. प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन, तिथे मुख्य बटण आणि खालचं डेस्कटॉप ॲप्सचं बटण, दोन्ही सुरू हवीत. ब्राउझर डेस्कटॉप ॲपमध्ये मोडतो, म्हणून वरचं सुरू असूनही मीटिंगमध्ये आवाज जात नाही. मग साउंड, इनपुटमध्ये मायक्रोफोन ॲरे निवडा, पातळी ८० च्या पुढे. काही कीबोर्डांवर माइक बंद करायची वेगळी कळ असते, तिचा दिवा पेटलेला नाही ना ते पाहा.

व्हीएमडी आता सुरू करू नका. विंडोज ते बंद असताना बसलं, त्यामुळे सुरुवातीच्या टप्प्यावर त्याचा ड्रायव्हर चढत नाही. बायोसमध्ये सुरू केलंत तर निळी स्क्रीन आणि इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस हा मजकूर येईल. आलाच तर परत बंद करा, विंडोज पुन्हा सुरू होतं, डेटाला धक्का नाही. एकच एसएसडी असलेल्या मशीनमध्ये ते बंद असल्याने काही बिघडत नाही, अनेक डिस्क एकत्र जोडायच्या रेड पद्धतीसाठी त्याचा उपयोग. पुढच्या वेळी बंद करायचं नसेल तर इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि डिस्क निवडायच्या पानावर लोड ड्रायव्हर दाबून ते फोल्डर दाखवा. नुसती ईएक्सई फाइल ठेवून चालत नाही, इन्स्टॉलरला आतली आयएनएफ दिसावी लागते.

बायोसला पुन्हा हात लावण्याआधी आणखी एक बघाच. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी सोय) आपोआप सुरू होतं. मग सिक्युअर बूट बदललं किंवा बायोस अपडेट केलं की सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर साठवलेली असते. आत्ताच उघडून कागदावर उतरवा. की नसेल तर डिस्कवरची कामं परत मिळत नाहीत, तिथे कोणाचंच काही चालत नाही.

सिस्टिम, ॲक्टिव्हेशनही पाहून घ्या. आपल्याकडे विकलेल्या पुष्कळ लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये होम सिंगल लँग्वेजची की असते. तीच आवृत्ती टाकली तर नेट लागताच ॲक्टिव्हेट होते. प्रो टाकली असेल तर ती की चालत नाही. ॲक्टिव्हेट करून देणाऱ्या फुकट फाइलींच्या मागे लागू नका, त्या चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि का ते उघड आहे.

रामदासपेठ

वरच्या भाऊंचा क्रम बरोबर आहे, पण नेट काढून सगळं हातानेच करायला पाहिजे असं मला वाटत नाही. माझ्या मते आधी टेदरिंगवर विंडोज अपडेट पूर्ण चालू द्यावं, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हरची यादी उघडून जे सुटलं ते टाकावं. चिपसेट, सिरियल आयओ, वायफाय बरेचदा तिथेच मिळतात. ज्यांना आयडी वाचणं जमत नाही त्यांना हे सोपं. आवाज आणि फंक्शनच्या कळा मात्र कंपनीच्याच घ्याव्या.

स्लीप परत आली म्हणता, त्याबद्दल थोडं. या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये जुनी एस३ स्लीप नसते, मॉडर्न स्टँडबाय असते. झाकण लावलं तरी मशीन अर्धवट जागं राहतं, बॅगेत तापतं आणि बॅटरी उतरते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत बॅग टाकणार असाल तर झाकण लावल्यावर हायबरनेट (काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद) होईल असं ठेवा: कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ. यादीत हायबरनेट नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी /एच ऑन चालवा, अक्षरं अर्थात रोमन लिपीत.

बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायचं सेटिंग होतं का? ते कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून चालतं, फॉरमॅटमध्ये ते सॉफ्टवेअर जातं. दिवसभर चार्जर लावून डीटीपी करत असाल तर ते परत टाकून मर्यादा लावा.

जुना_हार्डवेअरवाला

रामदासपेठ, विंडोज अपडेटवर माझा आक्षेप ग्राफिक्सपुरता आहे. कंपनीच्या ड्रायव्हरवर ते कधी कधी दुसरी आवृत्ती चढवतं आणि स्क्रीन लुकलुकायला लागते. तसं झालं तर डिस्प्ले ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये रोल बॅक ड्रायव्हर दाबायचं. बाकी तुमची पद्धत चालेल.

टंकलेखिका_नागपूर

रिअलटेकचा ड्रायव्हर टाकला, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही सुरू झाले. डायनॅमिक ट्यूनिंगही बसला, आता एकही पिवळी खूण नाही. माइकचं डेस्कटॉप ॲप्सचं बटणच बंद होतं. रिकव्हरी की उतरवून ठेवली. हे सगळे ड्रायव्हर असेच एका जागी जपून ठेवता येतात का?

हिंगणा_एमआयडीसी

येतात. डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ड्रायव्हर नावाचं रिकामं फोल्डर आधी बनवा, नसेल तर कमांड चूक दाखवते. मग ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये, उच्चाराप्रमाणे लिहितो, टाइप रोमन लिपीत करा:

पीएनपीयूटिल /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर * डी:\ड्रायव्हर

बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर आयएनएफसकट तिथे जमा होतात. ग्राफिक्समुळे आकार काही जीबी होतो, पेनड्राइव्ह १६ जीबीचा घ्या. परत टाकताना:

पीएनपीयूटिल /ॲड-ड्रायव्हर डी:\ड्रायव्हर\*.आयएनएफ /सबडिर्स /इन्स्टॉल

आणि रीस्टार्ट. फंक्शनच्या कळांचं आणि बॅटरीच्या मर्यादेचं सॉफ्टवेअर यात येत नाही, त्यांच्या सेटअप फाइली त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवा. फॉन्टचं फोल्डरही.